ब्रेकच्या दोन बोटांना दुहेरी वीण

मी सगळ्यात जास्त देणं लागतो ते आम्हाला शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंचं. आईवडिलांचं देणं वेगळं, ते मोजायला मी कधी बसणार नाही. पण आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, आणि मी आज दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात टेबलाशी बसून फायलींवर टिपणी लिहितो, हे बाईंमुळे.

माझी आई त्याच शाळेत झाडलोट करायची. शाळेतली सगळी मुलं तिला मावशी म्हणायची. एकदा वर्गात मीही तिला मावशी म्हणालो होतो आणि घरी जाईपर्यंत ती माझ्याशी बोलली नव्हती. शाळा सुटल्यावर ती नऊ खोल्या झाडेपर्यंत मी व्हरांड्यात हुंदडत असे. आठवीत गणितात नापास झालो तेव्हा बाईंनी मला बोलावलं आणि एवढंच म्हणाल्या, "आई झाडते तेवढा वेळ तू माझ्यासमोर बसायचं." दहावीपर्यंत बसलो. आई एका खोलीत बाक सरकवायची, आम्ही दोघं पुढच्या खोलीत जायचो. उत्तर आलं की मी वही पुढे करायचो. बाई वहीकडे न बघता विचारायच्या, "ताळा केलास?" उत्तर बरोबर असलं तरी ताळा केल्याशिवाय त्या वही हातात घेत नसत.

एकदा आईला ताप होता म्हणून मी झाडू उचलला. तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला. "तुझ्या हातात हा मला दिसायला नको," ती म्हणाली. बाई दारातून बघत होत्या.

नोकरीची परीक्षा, तिचा अर्ज, अर्जावरचा फोटो, सगळं बाईंनी माझ्या शेजारी बसून करून घेतलं. मी दिल्लीला निघालो तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या. फोनवर निरोप पाठवायचा नाही, महिन्याला एक पत्र लिहायचं, असं त्यांनी बजावलं. मी लिहायचो. आठ-दहा दिवसांनी माझंच पत्र लाल शाईने दुरुस्त होऊन परत यायचं, आणि त्याच्या पाठीमागे त्यांचं उत्तर असायचं.

दिल्लीत मी जूनमध्ये आलो. इथल्या उन्हाची भीती सगळ्यांनी घातली होती, थंडीबद्दल कोणी काही म्हणालं नव्हतं. मला एका घराच्या गच्चीवरची खोली मिळाली. सेकंडहँड सायकल घेतली. खात्याची पुढची परीक्षा द्यायची होती, म्हणून सकाळी साडेसहाला निघून आर. के. पुरमकडच्या एका वाचनालयात दोन तास बसायचं आणि तिथून परस्पर कार्यालयात जायचं, असा नेम ठेवला. सायकलचा रस्ता अर्ध्या तासाचा.

डिसेंबरात एका सकाळी माझ्या लक्षात आलं की माझे हात माझे राहिलेले नाहीत.

आमच्या गावी सायकलचा ब्रेक हाताला लागलाच तर उन्हाळ्यात लागायचा. दुपारी शाळेबाहेर उभी केलेली सायकल घेताना लिव्हरचा चटका बसायचा आणि आम्ही त्याला शर्टाचं टोक गुंडाळायचो. लिव्हर गार असू शकतं, इतकं गार की बोट त्याला चिकटल्यासारखं वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हँडलची मूठ रबराची असते, तिच्यावर हात कसाबसा राहतो. पण दिल्लीच्या रस्त्यावर दर मिनिटाला ब्रेक लागतो, म्हणून दोन बोटं सतत त्या स्टीलवर टेकवून ठेवावी लागतात. समोरून वारा येतो. पहिली दहा मिनिटं बोटं दुखतात, मग ठणकतात, आणि मग दुखायचं थांबतं. ते थांबलं की मला बरं वाटायचं. वाटलं, सवय होते आहे.

उपाय मी सगळे केले. वर्तमानपत्राची घडी बाहीतून पुढे ओढून हातावर घेतली, ती दवाने भिजली. दुधाच्या पिशव्या हातात घातल्या, त्यात घाम आला आणि गारठा दुप्पट झाला. पायमोजे हातात घातले, ते लिव्हरवरून सटकले. लिव्हरलाच चिंधी गुंडाळली, तर ब्रेक पूर्ण दाबला जाईना. इथे स्कूटरवाले हँडलला रेक्झिनच्या जाड पिशव्या बांधतात आणि त्यात हात घालून चालवतात. ती एक आणून सायकलला बांधली, वळताना ती गुडघ्याला अडकली. शेवटी एक हात काखेत आणि एक हँडलवर, असं आलटूनपालटून जाऊ लागलो.

आमच्या सेक्शनमध्ये एक मराठी अधिकारी होते, तीस वर्षं दिल्लीत काढलेले. त्यांचं क्वार्टर आर. के. पुरममध्येच, माझ्या रोजच्या रस्त्यावर. सकाळी मी फाइलची नाडी सोडू शकत नाही, हे त्यांनी बघितलं.

"अरे यार, हातमोजे घे ना चांगले. लेदरचे. बोटं बिल्कुल सुन्न होतात या थंडीत."

"घेतो साहेब."

"घेतो घेतो काय. गावाकडची हाडं म्हणजे काय लोखंडाची असतात का? मेट्रोने ये नाहीतर."

त्या महिन्याच्या पत्रात मी सहज लिहिलं की बोटं गारठतात. पत्र लाल होऊन परत आलं. पाठीमागे दोनच प्रश्न होते. ब्रेक किती बोटांनी दाबतोस? आणि, दोन्ही हात कागदावर ठेवून पेन्सिलने आखून पाठवशील का?

मी आखून पाठवले. दोन बोटांनी, असं कळवलं.

जानेवारीच्या शेवटी पार्सल आलं. गडद निळ्या लोकरीचे हातमोजे. मनगटावर चार बोटं वर येतील एवढी पट्टी. तर्जनी आणि मधलं बोट दुहेरी विणीचं, आणि त्या दोन बोटांच्या आतल्या बाजूला चामड्याचे बारीक तुकडे शिवलेले. ते चामडं मी ओळखलं. शाळेत बाई जी तपकिरी पर्स खांद्याला लावून यायच्या, तिचं होतं. सोबत चिठ्ठी होती: "नुसती लोकर ब्रेकवरून सटकते. माझ्या जुन्या सायकलवर घालून पाहिले. आता सटकत नाही."

मी ते हातात घातले आणि तसाच खाटेवर बसून राहिलो. माझे सगळे कपडे वाढत्या अंगाचे शिवलेले असत. शाळेचा शर्ट पहिल्या वर्षी ढगळ आणि तिसऱ्या वर्षी आखूड, नीट मापात तो कधी नसायचाच. पुढे चुलतभावांचे कपडे आले, त्यात त्यांची मापं. माझ्या मापाने, मला विचारून, माझ्यासाठी कोणी केलेली ही पहिली वस्तू होती. ती घालून सायकलच्या चेनला, गंजक्या लिव्हरला हात लावायचा?

आमच्या घरात चांगली वस्तू वापरत नाहीत. पितळेचा मोठा डबा पाहुण्यांसाठी, नवी चादर लग्नकार्यासाठी. मी हातमोजे वर्तमानपत्रात गुंडाळले, दोन डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि ट्रंकेत तळाशी ठेवले. बाईंना लिहिलं, "हातमोजे अगदी मापात बसले. रोज घालतो."

हे लिहिताना मला आपण खोटं बोलतो आहोत असं वाटलंही नाही. वाटलं, हा आदर आहे.

पुढच्या हिवाळ्यात बाईंच्या उत्तरात एक ओळ होती. "एव्हाना ब्रेकच्या बोटांवरचं चामडं झिजलं असेल. तसं असेल तर कळव, मी जास्तीची लोकर आणून ठेवली आहे." मी लिहिलं, "थोडं झिजलं आहे, पण अजून चालेल." त्या आठवड्यात मी ट्रंक उघडून बघितलीसुद्धा. चामड्याला घडीचा वास येत होता.

ते झालं जानेवारीत. धुकं होतं, पण दाट नव्हतं. समोरचं वीस-पंचवीस पावलांवरचं दिसत होतं. रस्त्याला तिथे बारीक उतार आहे. कडेला एक हातगाडी उभी होती. तिच्या मागून झाडू घेतलेली एक स्त्री पाठमोरी रस्त्यावर आली. मी तिला बघितलं. अंतर पुरेसं होतं, वेळही पुरेसा होता. मी ब्रेक दाबला.

सायकलचा वेग कमी झाला नाही.

मला वाटलं वायर तुटली. खाली बघितलं तर माझी दोन्हीकडची दोन-दोन बोटं लिव्हरवर नुसती ठेवलेली होती, मिटलेली नव्हती. मी त्यांना मिटायला सांगत होतो. आतून सगळा जोर लावत होतो, तो मनगटापर्यंत येत होता आणि तिथून पुढे काही नव्हतं. माझेच हात मला दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे दिसले. घंटी वाजवायलाही अंगठा हलेना. मी ओरडलो, तेही मराठीत. "बाजूला व्हा." ती बाजूला झाली नाही. कोण काय ओरडतं आहे ते बघायला वळली, आणि तिचा चेहरा मला समोरून दिसला.

नंतर मी आणि सायकल एका बाजूला होतो. ती डाव्या हातावर पडली होती. आवाज आला होता, तो सायकलचा नव्हता.

मी उठून तिच्याजवळ गेलो. तोंडातून आलं ते "मावशी" आलं, मग सावरून "मौसी" म्हणालो. ती पंचेचाळीस-पन्नासची असेल. हातात पायमोजे घातले होते, बोटांच्या जागा कापून. डावं मनगट बघता बघता सुजत होतं. तिने उजव्या हाताने ते धरून ठेवलं होतं आणि ती ओरडत नव्हती, शिव्या देत नव्हती, मी हँडल सरळ करायला जे बोटांनी चाचपडत होतो त्याकडे बघत होती.

"ब्रेक नहीं है?" तिने विचारलं.

"ब्रेक है. हाथ नहीं चला."

"दिखा."

मी हात पुढे केला. बोटं पांढरी पडली होती, नखं जांभळी. तिने आपलं मोडलेलं मनगट मांडीवर ठेवलं आणि चांगल्या हाताने माझी बोटं धरून चोळायला लागली. मी हात मागे घ्यायला हवा होता. मला सुचलंच नाही. जिला मी पाडलं होतं ती माझे हात चोळत होती, आणि त्या हाताला जाड, कोरडी, भेगाळलेली अशी जी चामडी होती ती मला पाठ होती. आईचा हात असाच आहे. गेलं दीड वर्ष मी या रस्त्याने जात होतो. ही स्त्री रोज इथे असणार. तिचा चेहरा मी त्या सकाळी पहिल्यांदा बघितला.

रिक्षातून सरकारी रुग्णालयात गेलो. एक्स-रेच्या रांगेत बाकावर बसलो. माझ्या बोटांत रक्त परत येत होतं आणि ती इतकी ठणकत होती की डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बघितलं.

"दस्ताने नहीं हैं तेरे पास?"

"हैं, मौसी."

"कहाँ?"

मी खरं ते सांगितलं. "ट्रंक में."

तिने मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं. "ट्रंक को ठंड लगती है?"

पलीकडे बसलेला माणूस हसला. मी हसू शकलो नाही. बाईंनी पर्स कापली, आपल्या सायकलवर बसून ब्रेक दाबून बघितला, दोन बोटांना दुहेरी वीण घातली, ते नेमकं या सकाळसाठी होतं. मी ते डांबराच्या गोळ्यांबरोबर झोपवलं होतं. माझ्या आदरामुळे एका बाईचं मनगट मोडलं होतं.

मनगट मोडलंच होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे सांगितले.

"छह हफ्ते?" मौसी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा बदलला. "मेरी जगह तो छह दिन में भर देंगे."

ती ठेकेदाराकडे होती. रजा नावाची गोष्ट नव्हती. तिच्या वाट्याला बस थांब्यापासून पार्कच्या गेटापर्यंतचा रस्ता होता. साडेसातला जमादार फेरी मारायचा. रस्ता साफ आणि बाई जागेवर उभी, तर वहीत हजेरी. दोन्हींपैकी एक नसलं तर दुसऱ्या दिवशी दुसरी कोणी. नवरा नव्हता. तिची जाऊ शेजारच्या रस्त्यावर झाडायची. ती आपलं काम उरकून अर्धा रस्ता करीन म्हणाली, पूर्ण तिच्याने व्हायचा नव्हता.

"बाकी मैं करूँगा," मी म्हणालो.

मौसी हसली. "बाबू, झाड़ू पकड़ी है कभी?"

मी नाही म्हणालो. तेही खरं होतं. आईने पकडू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ट्रंक उघडली. हातमोजे घातले, सायकल काढली. तो अर्धा तास मी विसरणार नाही. बोटं लिव्हरवर होती आणि ती माझी होती. मी उगाचच, रस्ता मोकळा असताना, चार वेळा ब्रेक दाबला. चामडं धरत होतं. मला फार लाज वाटली.

मौसी शालीखाली प्लास्टर लपवून उभी होती. तिने आधी माझे हात बघितले.

"ये हैं ट्रंक वाले?" उजव्या हाताच्या बोटांनी तिने वीण चाचपली. चामड्याच्या तुकड्यांवर थांबली. "किसने बनाए?"

"स्कूल की मैडम ने."

"दिमाग वाली है," ती म्हणाली. "चल. शुरू कर."

झाडू लांब बांबूला बांधलेला. मी तो उचलून आपटत होतो. पानं दवाने रस्त्याला चिकटलेली, ती हलेचनात.

"उठा मत, घसीट. कलम नहीं है ये, बाबू. कमर से घुमा." ती माझ्या मागून चालत होती. "हवा उधर की है, तू इधर फेंक रहा है. सब वापस आएगा तेरे पास."

आलंही. पहिल्या दिवशी साडेसात वाजले तेव्हा पार्कचं गेट अजून लांब होतं. जमादार मोटरसायकलवरून आला, माझ्याकडे बघितलं, मौसीकडे बघितलं. ती शाल सावरून ताठ उभी. त्याने सायकलकडे, माझ्या पँटीकडे, बुटांकडे बघितलं.

"ये कौन है?"

"भतीजा है," मौसी म्हणाली. "गाँव से आया है."

"गेट तक करवा ले," तो म्हणाला आणि वहीत खूण केली. मला वाटलं होतं तो विचारेल, हटकेल, निदान चकित होईल. रस्त्यावर झाडू कोणाच्या हातात आहे याने त्याला काही फरक पडत नव्हता. या गोष्टीने मी दिवसभर सुन्न होतो.

पाचव्या की सहाव्या दिवशी आमचे साहेब दूध आणायला खाली उतरले. मी त्यांच्याच फाटकासमोर ढीग लावत होतो. ते थांबले. कानटोपी वर केली.

"अरे. तू?"

"हो साहेब."

"हे काय चाललंय?"

मी चार वाक्यांत सांगितलं. ते इकडेतिकडे बघत होते. "चलो, ठीक आहे, माणुसकी वगैरे. पण इथे आपले किती लोक राहतात माहीत आहे ना? कोणी बघितलं तर काय म्हणतील? आईबापांनी याच्यासाठी शिकवलं का तुला?"

"माझी आई हेच करते साहेब. शाळेत."

दीड वर्षात मी हे कार्यालयात कोणाला सांगितलं नव्हतं. वडिलांचं विचारलं की शेती सांगायचो, आईचं विचारलं की घरीच असते म्हणायचो. साहेबांनी कानटोपी पुन्हा खाली ओढली. म्हणाले, "ऑफिसात मी काही बोलणार नाही," आणि दूध घेऊन गेले. त्यांना वाटलं असेल ते माझ्यावर उपकार करत आहेत. माझ्या मनात मात्र ते वाक्य उलटंच बसलं. मीच तर इतके दिवस काही बोलत नव्हतो.

आठवड्याने त्यांच्या घरून वहिनी चहा घेऊन फाटकाशी आल्या. मला स्टीलचा पेला होता, मौसीला कागदाचा कप. मी पेला हातात धरून तसाच उभा राहिलो. मौसीने कप घेतला, दोन्ही बाजूंनी बोटं लपेटली आणि मला म्हणाली, "कागज वाला हाथ जल्दी गरम करता है." माझ्याकडे बघून म्हणाली, वहिनींकडे नाही. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी मलाही कागदाचा कप मागितला, एवढंच केलं. वहिनींनी तो दिला आणि नजर वळवली.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आतून जो हात निघाला तो बघून मला पुन्हा धक्का बसला. बारीक, फिका, सालं निघालेला, मनगटाशी मात्र अजून सुजलेला. मौसीने झाडूचा बांबू धरला आणि तो तिच्या मुठीतून खाली घसरला. तिने दुसऱ्यांदा धरला. पुन्हा घसरला. डॉक्टरांनी रबराचा चेंडू दाबायला सांगितला होता, तो तिने कोपऱ्यात टाकला असणार, कारण तिला ते खेळणं वाटत होतं.

जमादाराला कळायचं ते कळलं. "अगले हफ्ते सोमवार से पूरा अकेली करेगी," तो म्हणाला. "भतीजे को गाँव भेज दे अब."

सोमवारला अकरा दिवस होते.

मी सायकल स्टँडवर उभी केली. मागचं चाक अधांतरी. "मौसी, गेंद रहने दो. ये दबाओ," मी म्हणालो आणि तिचा डावा हात डाव्या लिव्हरवर ठेवला. मग पॅडल फिरवून चाक सोडलं. "रोको इसे."

तिने दाबलं. चाक फिरत राहिलं. तिने दात आवळले. चाक फिरून फिरून आपल्या वेळेने थांबलं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "नहीं चला." दीड महिन्यापूर्वी मी तिला हेच शब्द म्हणालो होतो.

रोज झाडून झालं की आम्ही तेच करायचो. मी चाक फिरवायचो, ती दाबायची. चौथ्या दिवशी लिव्हर थोडं हललं. सकाळी हात गार असला की तिला मुळीच जमत नसे, म्हणून मी माझा डावा हातमोजा तिला द्यायचो आणि ती तो घालून दाबायची. तिला तो मोठा व्हायचा. सातव्या दिवशी ब्रेकचं रबर रिमला घासल्याचा आवाज आला. येणाऱ्याजाणाऱ्यांना आम्ही काय करतो आहोत ते कळत नसे. एक जण थांबून विचारून गेला, पंक्चर का.

रविवारी मी चाक जोरात फिरवलं. तिने दोन बोटं लिव्हरवर ठेवली, नंतर चारही, आणि मिटली. चाक जागच्या जागी थांबलं.

तिने हात सोडून पुन्हा ठेवला. "फिर से घुमा," ती म्हणाली. ती ताळा करत होती.

सोमवारी मी लांब, पार्कच्या कुंपणाशी उभा राहिलो. ती बस थांब्यापासून निघाली. सावकाश येत होती, मध्ये दोनदा थांबली, डावा हात झटकला. साडेसातला गेट झालं होतं. जमादाराने वहीत खूण केली. ती माझ्याजवळून जाताना थांबली नाही, फक्त म्हणाली, "जा, लाइब्रेरी जा. फेल होगा तो मेरा नाम लगाएगा."

मी वाचनालयात गेलो. पुस्तक उघडलं नाही. बाईंना पत्र लिहिलं. ते असं होतं.

"बाई, नमस्कार.

आधीच्या दोन पत्रांत मी तुम्हाला खोटं लिहिलं. 'रोज घालतो' हे खोटं होतं आणि 'थोडं झिजलं आहे' हेही खोटं होतं. हातमोजे वर्षभर ट्रंकेत होते. खराब होतील म्हणून ठेवले होते. त्यामुळे माझी बोटं ब्रेकवर मिटली नाहीत आणि रस्ता झाडणाऱ्या एका बाईंचं मनगट माझ्या सायकलने मोडलं. त्या आता पुन्हा कामावर आहेत. मधले दोन महिने त्यांच्या रस्त्याचा अर्धा भाग मी झाडला. आईला हे तुम्ही सांगावं की मी, ते मला ठरवता येत नाही. मीच सांगेन असं वाटतं. तिने विचारलं तर एवढं सांगा की झाडू नीट धरायला मला नऊ दिवस लागले.

हातमोजे आता खरोखर झिजले आहेत. पण ब्रेकच्या बोटांवर नाही. तिथलं चामडं अजून चांगलं आहे. झिजले आहेत ते अंगठ्याच्या बेचक्यात आणि तळव्याच्या कडेला, कारण बांबू तिथे घासतो. हे तुम्हाला मापावरून कळलं नसतं म्हणून लिहितो.

तुम्ही जास्तीची लोकर आणून ठेवली आहे असं लिहिलं होतं. ती माझ्यासाठी नको, माझे मी रफू करून घेईन. सोबत दुसऱ्या हातांची आखणी पाठवत आहे. काल मी कागद बाकावर धरला आणि त्यांनी हात ठेवले. उजव्याची रेघ सरळ आली आहे. डाव्याची थोडी वाकडी आहे, ती पेन्सिलची चूक नाही, मनगट अजून सुजलेलं आहे. विणताना डावा किंचित सैल ठेवाल का? सूज उतरल्यावर मी पुन्हा आखून ताळा करेन आणि कळवेन.

दुहेरी वीण बोटांना नको, बेचक्यात हवी.

तुमचा विद्यार्थी."